गोळी कोणती होती?

माझ्या वडिलांची, म्हणजे नानांची, एक लाल पुठ्ठ्याची दोनशे पानी वही माझ्याकडे आहे. डाव्या पानावर तारीख आणि वेळ, उजव्या पानावर तीन आकडे: वरचा रक्तदाब, खालचा रक्तदाब आणि नाडी. नानांनी इंदूरच्या एका कापड मिलमध्ये एकतीस वर्षे टाइमकीपर म्हणून काम केले. मिल बंद पडली, पण वेळेची नोंद करण्याची त्यांची सवय सुटली नाही. त्यामुळे वहीत ‘सकाळी’ असा मोघम शब्द कुठेही नाही, ‘६.४०’ असे आहे. या नोंदी झाल्या त्या वर्षी मी इंदुरातल्या रामबागेतल्या घरीच राहत होते. कॉलेजला शरीरक्रियाशास्त्र शिकवायला जाण्याआधी त्यांच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेण्याचे काम माझे आणि आकडा लिहिण्याचे त्यांचे, अशी आमची वाटणी होती. नोंदी २००६ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंतच्या आहेत. हे सहा महिने नाना एका औषधचाचणीत सहभागी होते.

त्यांचा रक्तदाब एका गोळीने पुरेसा उतरत नव्हता. ज्या डॉक्टरांकडे ते जात, त्यांनी सुचवले की एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे, जुनी गोळी सर्वांना चालूच राहील, तिच्या जोडीला काहींना नवे औषध मिळेल आणि काहींना अगदी तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. संमतिपत्र हिंदीत होते आणि चांगले जाड होते. नानांनी ते घरी आणले, चष्मा पुसून दोन संध्याकाळी वाचले आणि एका शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली. शब्द होता ‘यादृच्छिक’.

“हे काय आहे ग?” त्यांनी विचारले.

मी म्हणाले, “नाना, चिठ्ठी टाकतात तसं. नवं औषध कोणाला द्यायचं आणि रिकामी गोळी कोणाला, हे डॉक्टर ठरवत नाहीत. चिठ्ठी ठरवते.”

“आणि डॉक्टरला तरी ठाऊक असतं का, कोणाला काय दिलंय ते?”

“नाही. त्यांनाही नाही, तुम्हालाही नाही. सगळं संपल्यावर पाकिटं उघडतात.”

ते थोडा वेळ गप्प बसले, आणि मग म्हणाले, “म्हणजे हजेरीपट कोणाच्या हातात नाही. चांगलं आहे.” आणि त्यांनी सही केली. पाकिटे उघडल्यावर आपल्याला कळेल, असे त्यांनी त्याच क्षणी गृहीत धरले होते, हे मला फार उशिरा लक्षात आले. मीही तेच गृहीत धरले होते.

चिठ्ठीची ही कल्पना आज इतकी स्वाभाविक वाटते, की ती वैद्यकात किती अलीकडे रुजली याचा विसर पडतो. क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसिनची जी ब्रिटिश चाचणी १९४८ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांनी रुग्णांची वाटणी अशा चिठ्ठीच्या पद्धतीने केली, आणि तेव्हापासून तो दंडक होत गेला. त्याआधी डॉक्टरने औषध द्यायचे, रुग्णाला बरे वाटले की औषधाला श्रेय द्यायचे, असा रिवाज होता. डॉक्टर प्रामाणिक असला, तरी आपल्या आवडत्या औषधासाठी तो नकळत बरा होऊ शकणारा रुग्ण निवडतो. चिठ्ठीला आवडनिवड नसते.

चाचणीच्या दर भेटीत नानांना आधी पाच मिनिटे आडवे झोपवत आणि रक्तदाब घेत, मग उभे करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घेत. घरी आल्यावर त्यांनी विचारले, की झोपून घेतलेला आकडा आणि उभा राहून घेतलेला आकडा यांत एवढे काय पाहायचे असते. मी वर्गात शिकवत असे तेच त्यांना सांगितले, पण वर्गातल्यापेक्षा सावकाश. माणूस उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरते. हृदयाकडे परत येणारे रक्त कमी झाल्यामुळे दाब क्षणभर खाली येतो. मानेतल्या ग्रीवा रोहिणीत, जबड्याच्या कोनाखाली, आणि हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीत दाब ओळखणाऱ्या चेता, म्हणजे मज्जातंतू, असतात. त्यांना ही घट कळते, त्या मेंदूच्या तळाशी वर्दी देतात, आणि अनुकंपी चेतासंस्था काही सेकंदांत नाडी वाढवते व रक्तवाहिन्या आवळते. रोज शेकडो वेळा आपण उठतो आणि बसतो, आणि हे सारे आपल्याला न सांगता पार पडते. तीन मिनिटांच्या आत वरचा दाब वीस किंवा खालचा दहा मिलिमीटरने उतरला, तर ही व्यवस्था कमी पडते आहे असे मानतात. रक्तदाब उतरवणारे औषध या व्यवस्थेच्या कारभारात हात घालते, म्हणून ते झोपलेल्या माणसाबरोबरच उभ्या माणसावरही तपासावे लागते.

नाना म्हणाले, “म्हणजे औषध दाब कमी करतं आणि शरीर तो परत वाढवायला बघतं?”

एवढ्या थोडक्यात हा विषय मला कधी सांगता आला नव्हता. मी त्यांना आजीच्या गोळीची आठवण करून दिली. माझी आजी पुष्कळ वर्षे ‘अडेल्फेन-एसिड्रेक्स’ नावाची गोळी घेत असे. आपल्याकडच्या कित्येक घरांतल्या फळीवर ती पट्टी तेव्हा असायची. त्या एका गोळीत तीन औषधे होती आणि ती तीन का होती, हे समजले की शरीर औषधाला कसे उत्तर देते ते समजते. डायहायड्रॅलझीन हे पहिले औषध लहान रोहिण्या सैल करी, त्यामुळे दाब उतरे. पण दाब उतरताच शरीर ते संकट समजून हृदय जोरात चालवी आणि मूत्रपिंडे मीठ व पाणी धरून ठेवीत. हृदयाचा वेग आवरण्यासाठी दुसरे औषध होते रिसर्पीन, आणि मीठपाणी बाहेर काढण्यासाठी तिसरे, हायड्रोक्लोरोथायझाइड. एका औषधाला शरीराने दिलेली दोन उत्तरे आणि त्या दोन उत्तरांना दिलेली दोन प्रत्युत्तरे, असा सगळा संवाद त्या लहानशा गोळीत भरलेला होता.

त्यांतले रिसर्पीन आपल्या सर्पगंधेच्या मुळीतून आलेले. कलकत्त्याला गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली तिच्या गुणांविषयी लिहिले होते, आणि १९४९ साली मुंबईच्या रुस्तम जाल वकील यांनी पन्नास रुग्णांवरचा आपला अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातले रिसर्पीन वेगळे काढण्यात आले. ते चेतांच्या टोकांशी साठवलेले नॉरअॅड्रिनॅलिन हे संदेश पोहोचवणारे रसायन रिते करते, त्यामुळे दाब आणि नाडी दोन्ही उतरतात. पण त्याच क्रियेमुळे काही माणसांचे मनही उतरत असल्याचे पुढे वापरात दिसून आले. आजी शेवटच्या काही वर्षांत फार उदास असे. ते त्या गोळीमुळे होते की आजोबा गेल्यामुळे, हे सांगायला आमच्या घरात तुलनेसाठी दुसरी आजी नव्हती. एकाच माणसाकडे पाहून हे कधीच सांगता येत नाही, आणि चाचण्या कराव्या लागतात त्याचे मुख्य कारण हेच आहे.

हीच गोष्ट मी विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिकात दाखवत असे. बर्फाच्या पाण्यात मनगटापर्यंत हात एक मिनिट बुडवायचा आणि दुसऱ्या दंडावर रक्तदाब घ्यायचा, अशी ती साधी परीक्षा आहे. हाइन्स आणि ब्राउन यांनी ती १९३२ साली मांडली. बर्फ आम्ही टोपलीतून आणवत असू आणि पहिल्या बाकावरच्या मुली हात बुडवायला घाबरत. दहा जणांची परीक्षा घेतली, तर बहुतेकांचा वरचा दाब दहा-वीसने चढे. एखाद्याचा तीसने चढे, आणि एखादी मुलगी अशी निघे की तिचा पारा जागचा हलत नसे. तीच मुलगी पुढच्या आठवड्यात पुन्हा हात बुडवी, तेव्हा तिचा आकडा वेगळा येई. बर्फाच्या पाण्यालाही दोन शरीरे सारखे उत्तर देत नाहीत, आणि एकच शरीर दोन दिवस सारखे उत्तर देत नाही, तर औषधाला कशी देतील? म्हणून पुष्कळ माणसे लागतात, पुष्कळ वेळा मोजावे लागते, आणि मोजणाऱ्याच्या इच्छेला आकड्यापासून दूर ठेवावे लागते. ऐकून दाब घेणारा माणूस नकळत शून्य आणि पाचवर थांबतो. १९०५ साली कोरोत्कोव्ह यांनी सांगितलेले, पट्टा सैल होताना ऐकू येणारे ठोके कानाला स्वच्छ ऐकू आले, तरी ‘एकशे अडतीस’ लिहिण्याऐवजी हात ‘एकशे चाळीस’ लिहितो. नानांच्या वहीत मी सांगितलेले किती आकडे शून्याने संपतात, हे मी नंतर मोजले. व्हायला हवेत त्यापेक्षा ते बरेच जास्त आहेत.

मेच्या मध्यात नानांना घेरी येऊ लागली. देवपूजेहून उठताना ते देव्हाऱ्याची कड धरून उभे राहत. वहीत ‘६.५५, उठताना घेरी, अर्धे मिनिट’ अशी पहिली नोंद आहे आणि त्या महिन्यात तशा सात. मी घाबरले. आईने तर गोळ्या बंद करायला सांगितले. नाना केंद्रावर गेले, तिथल्या बाईंनी सर्व नीट लिहून घेतले, उभे करून रक्तदाब घेतला, पाणी भरपूर प्यायला सांगितले आणि काही झाले तर रात्रीही फोन करा म्हणून नंबर दिला. त्यांच्या वागण्यात कसलीही कमतरता नव्हती, हे मला इथे मुद्दाम नोंदवायचे आहे.

पण घेरी कशाची होती? माझ्या मनाने लगेच ठरवले की नव्या औषधाची. ते उतरवत असलेला दाब उभे राहताना सावरला जात नसावा. नंतर वाटले, की इंदुरातला मे महिना आहे, घामाने मीठ आणि पाणी निघून जाते आहे, नाना एकाहत्तर वर्षांचे आहेत आणि जुनी गोळी चालूच आहे. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांनाही या दिवसांत घेरी येत असेल, शिवाय संमतिपत्रात ‘चक्कर’ हा शब्द वाचल्यावर ती जाणवतेही जास्त. नानांच्या घेरीचा अर्थ नानांच्या शरीरात सापडणारच नव्हता. ज्यांना ते ओळखत नव्हते, अशा दुसऱ्या गटातल्या माणसांपैकी त्या उन्हाळ्यात किती जणांनी भिंत धरली, यावर तो अवलंबून होता. मला या गोष्टीचे आजही नवल वाटते, की माणसाच्या स्वतःच्या शरीरात घडलेल्या गोष्टीचा उलगडा अनोळखी माणसांच्या शरीरांशी ताडून पाहिल्याशिवाय होत नाही. पावसाळा सुरू झाला आणि घेरी थांबली. तेवढ्यानेही काही सिद्ध झाले नाही.

शेवटच्या टप्प्यात त्यांना चोवीस तास रक्तदाब नोंदवणारे यंत्र बांधले. दंडाला पट्टा, कमरेला डबा, दिवसा दर अर्ध्या तासाने पट्टा आपोआप फुगे आणि रात्री दर तासाने. नेमकी त्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. इंदुरात त्या रात्री मिलच्या कामगारांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात. मिल बंद पडल्या, तरी कामगारांनी झांक्या बंद पाडल्या नाहीत. आपल्या मिलची झांकी नानांनी एकाही वर्षी चुकवली नव्हती. आम्ही दोघे गर्दीत उभे होतो. पट्टा फुगू लागला की यंत्राच्या सूचनेप्रमाणे ते हात सरळ सोडून निश्चल उभे राहत, मागचे लोक पुढे ढकलत, आणि मी दोन्ही हात पसरून त्यांच्याभोवती जागा करत असे. रात्री साडेअकराला त्यांच्या मिलची झांकी समोर आली. तेव्हा पट्टा फुगला आणि नाना ताठ उभे राहिले, डोळे मात्र भरून आले होते. घरी येऊन त्यांनी वहीत लिहिले: ‘११.३०, झांकी. हा आकडा जास्त येईल, कारण लिहून ठेवावे.’ यंत्राच्या नोंदीत कारणाचा रकाना नव्हता.

ऑक्टोबरमध्ये चाचणी संपली. उरलेल्या गोळ्या मोजून परत घेतल्या, आभार मानले, आणि नाना जुन्या डॉक्टरांकडे जुन्या गोळीवर परत आले. दिवाळी गेली, संक्रांत गेली. नाना मधूनमधून विचारत, “पाकिटं उघडली का ग?” मी केंद्रावर फोन केला. उत्तर मिळाले, की आकडे कंपनीकडे गेले आहेत, पुष्कळ देशांचे एकत्र व्हायचे आहेत, वेळ लागेल. वर्षभराने गेले तेव्हा ती खोली दुसऱ्या कामाला दिलेली होती आणि ज्यांनी नानांचा रक्तदाब घेतला होता, त्या बाई नोकरी सोडून गेल्या होत्या. देशातल्या चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ च्या जूनपासून नोंद सक्तीची झाली. नानांची चाचणी त्याआधी संपलेली होती. मी तरीही शोधून पाहिले.

कोणी म्हणेल, की त्यांचा दाब उतरला की नाही हे वहीत आहेच, मग गोळी कोणती होती याने काय फरक पडतो? मला स्वतःला हा फरक ज्या उदाहरणाने पटला, ते मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगत आले. हृदयविकाराच्या झटक्यानंतर काही रुग्णांच्या हृदयात मधूनच जास्तीचे ठोके पडतात, आणि असे ठोके पडणारे रुग्ण जास्त संख्येने दगावतात. एनकेनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधे ते ठोके फार चांगले थांबवीत. मग ठोके थांबवले की माणूस वाचणार, हे उघडच वाटत होते, आणि डॉक्टर ही औषधे देतही होते. अमेरिकेत चिठ्ठी पद्धतीने चाचणी झाली. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या आकड्यांत १,४९८ रुग्ण होते. औषध घेणाऱ्यांपैकी ६३ दगावले आणि रिकामी गोळी घेणाऱ्यांपैकी २६. दोन्ही गट जवळजवळ सारख्या संख्येचे होते. शरीराचा प्रतिसाद हवा तसा बदलला होता, आणि माणसे मात्र जास्त मेली. याच्या उलटही घडले आहे. हृदयाचा जोर कमी करणारी बीटा-ब्लॉकर औषधे अशक्त हृदयाच्या रुग्णाला कधीही देऊ नयेत असे मी विद्यार्थिनी असताना शिकले, आणि १९९९ मधल्या मोठ्या चाचण्यांनी दाखवले की ती सावकाश वाढवत दिली तर अशा रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी होतात. आकडा उतरणे आणि माणसाचे भले होणे यांच्यामध्ये असे मोठे अंतर असू शकते, आणि ते पार केले की नाही, हे सगळी पाकिटे उघडल्यावरच कळते. ज्याने सहा महिने आपला देह त्या प्रश्नासाठी उसना दिला, त्याला ते उत्तर कळवणे हे सौजन्य आहे असे मी मानत नाही. ते त्याचे येणे आहे.

२०१० नंतर इंदुरातल्या औषधचाचण्यांविषयी वर्तमानपत्रांत रोज काही ना काही येऊ लागले. रुग्णांना पुरेसे न सांगता चाचणीत घेतल्याच्या तक्रारी होत्या. इंदूरच्याच स्वास्थ्य अधिकार मंच या संघटनेची याचिका २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि २०१३ हे वर्ष देशभरातल्या नियमांसाठी निर्णायक ठरले: चाचणीत इजा किंवा मृत्यू झाल्यास भरपाईचे नियम जानेवारीत आले आणि संमती घेतानाचे ध्वनिचित्रमुद्रण वर्षअखेरीस बंधनकारक झाले. नाना या बातम्या कात्रीने कापून वहीत ठेवत. शेजारचे काका एकदा म्हणाले, की तुम्हालाही फसवलेच असणार. नानांनी मान हलवली. ते म्हणाले, “मला कोणी फसवलं नाही. सगळं विचारून केलं. फक्त शेवटचं सांगितलं नाही.”

२०१३ च्याच ऑक्टोबरमध्ये हेलसिंकी जाहीरनाम्याची नवी आवृत्ती स्वीकारली गेली. वैद्यकीय संशोधनाच्या नीतीचा हा मूळ दस्तऐवज १९६४ पासूनचा आहे. नव्या आवृत्तीत असे वाक्य आहे, की संशोधनात सहभागी झालेल्या प्रत्येकाला अभ्यासाचा एकंदर निष्कर्ष जाणून घेण्याची मुभा दिली पाहिजे. मी ते नानांना मराठी करून वाचून दाखवले. त्यांनी ते वहीत उतरवून घेतले, खाली तारीख आणि ‘७.१०’ घातले. पुढच्या वर्षी श्रावणात ते गेले. त्यांच्या जाण्याचा रक्तदाबाशी किंवा त्या गोळीशी काही संबंध नव्हता.

निवृत्तीनंतर मी एका संस्थेच्या नैतिकता समितीवर काम करते. २०१९ च्या नियमांप्रमाणे अशा समितीत किमान सात जण असावे लागतात आणि त्यांतले निम्मे तरी संस्थेबाहेरचे. आमच्यात एक वकील आहेत आणि विज्ञानाशी संबंध नसलेल्या एक गृहिणी आहेत, ज्यांचे प्रश्न मला सर्वांत उपयोगी वाटतात. चाचणीचे कागद आले की रक्त किती वेळा काढणार, भरपाई कोण देणार, हे सर्व आम्ही पाहतो. माझी पाळी आली की मी विचारते, चाचणी संपल्यावर या लोकांना काय कळवणार आणि कसे कळवणार. बहुतेक वेळा उत्तर तयार नसते. संशोधक तरुण असतात, मनाने चांगले असतात. त्यांना हा प्रश्न कोणी शिकवलेलाच नसतो.

मागच्या महिन्यात मधुमेहाच्या एका औषधाची चाचणी आमच्यापुढे आली. जेवणानंतर इन्सुलिन किती आणि केव्हा स्रवते, यावर त्या औषधाचा परिणाम पाहायचा होता, आणि त्यासाठी माणसांना तीन तास बसवून सात वेळा रक्त घ्यायचे होते. हिंदी संमतिपत्राच्या शेवटच्या पानावर त्या डॉक्टर मुलीने माझ्या सांगण्यावरून एक भाग जोडला: निष्कर्ष आणि आपल्याला कोणते औषध मिळाले होते ते कळवावे का, हो किंवा नाही, कळवायचे असल्यास पत्ता आणि फोन. मी तो वाचला आणि पत्त्याच्या खाली आणखी एक ओळ घालायला सांगितली. तिने विचारले, “मॅडम, इथे काय लिहू?” मी तिला सांगितले, लिही: सहभागी व्यक्ती तोवर हयात नसल्यास कोणाला कळवावे, त्यांचे नाव आणि नाते.